एका नावाच्या दोन नळ्या

अण्णा,

दर रविवारी सकाळी तू मला फोन करायचास. तो फोन बहिणीला होता की तपासणीतल्या एका बाईला, हे मला तुला विचारायचं होतं. विचारलं नाही. तू खरं सांगशील याची मला खात्री नव्हती. आणि खरं सांगितलंसच, तर त्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

बेळगावातल्या वडगावच्या घरी दिवसकार्याला तुझ्या कॉलेजची माणसं आली होती. विणकराच्या घरातला मुलगा जनुकांच्या अभ्यासापर्यंत कसा पोचला, हे त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. मी आत वहिनीजवळ बसून ऐकत होते. एक जण म्हणाला, आईला विस्मरणाचा आजार झाला म्हणून सर या विषयाकडे वळले. ऐकायला बरं वाटतं, पण ते उलटं आहे. तू विषय आधी घेतलास. आई नंतर आजारी पडली. आम्हाला जे म्हातारपण वाटत होतं, त्यात तुला अल्झायमर दिसला, कारण तोवर तुझी नजर तयार झाली होती. आईच्या जेवणाच्या ताटाकडेही तू निराळ्या नजरेनं बघायला लागला होतास. तुझी ही तपासायची सवय तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती.

आईचा आजार विसरण्यापेक्षा संशयानं जास्त ओळखू यायचा. दूधवाला दुधात काहीतरी घालतो. शेजारीण भिंतीला कान लावून बसते. तू आप्पांचे माग विकून आलास (ते तर आप्पा गेल्यावर तिच्याच सांगण्यावरून विकले होते). आणि शेवटी सगळा संशय वहिनीवर येऊन थांबला. दारात बसून, चादरीच्या काठाचे दोरे काढून एकमेकांना सांधत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही माझी सुमन न्हवं. सुमनचं नाव चोरून बसलीया घरात."

लोक हसायचे. वहिनी आत जाऊन भांडी जोरात घासायची. मला मात्र हसू यायचं नाही, कारण आईच्या त्या भ्रमात एक खरी गोष्ट होती. माहेरची सुमन मी. लग्न होऊन निपाणीला आले आणि वैजयंती झाले. पुढच्याच वर्षी तुझं लग्न झालं. नव्या सुनेचं नाव काय ठेवायचं म्हणताना आई म्हणाली, घरात सुमन म्हणून हाक मारायची सवय आहे, ती मोडायला नको. वहिनी तेव्हापासून सुमन. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. वाईटही वाटलं होतं. ते नाव आईनंच दिलं होतं आणि आईच ते चोरीला गेल्याचं सांगत होती. चोर ठरली ती बिचारी, जिनं ते कधी मागितलंच नव्हतं.

तू मात्र दोघींत कधी घोटाळा केला नाहीस. मी 'सुमे'. वहिनीला तू जन्मभर नुसतं "आगं" म्हणून हाक मारलीस.

तुझं काम मला समजावून सांगायची तुला हौस होती आणि त्यातल्या चुका काढायची मला. आप्पांच्या मागावरचं जकार्ड, नक्षी पाडायचं साधन, तू उदाहरणाला घ्यायचास. पुठ्ठ्याचे पत्ते, त्यांना भोकं. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं पडून राहतो, आणि पदरावर कोयरी उमटते. एखाद्या गिऱ्हाइकाला कोयरीत बुट्टी नको असली की आप्पा नवा पत्ता पाडायचे नाहीत. भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. पत्ता तोच राहायचा, बुट्टी गप्प व्हायची. "जनुक म्हणजे पत्ता," तू म्हणायचास, "आणि मायक्रोआरएनए म्हणजे आप्पांचा कागदाचा तुकडा. इवलासा. पण कोणाला बोलू द्यायचं आणि कोणाला न्हाय, हे तो ठरवतो."

मग दोन दिवसांनी तूच फोन करून सांगायचास की हे उदाहरण फसवं आहे, विसर. तो तुकडा पत्त्यावर बसतच नाही, पत्त्यावरून निघालेल्या निरोपावर बसतो आणि निरोप वाटेत अडवतो. एकच तुकडा शेकडो निरोप अडवू शकतो, आणि एकाच निरोपावर अनेक तुकडे टपून असतात. शिवाय तो तुकडा चिकटवणारे आप्पा कुठंच नाहीत. पत्तेच तुकडे कापतात आणि ते तुकडे उलट पत्त्यांनाच गप्प करतात. असं ते जाळं. आजारी मेंदूत ते जाळं कुठंतरी उसवलेलं असतं. पण आधी काय उसवलं आणि त्यामुळं मग काय उसवलं, हे सांगता येत नाही.

"म्हणजे सगळेच दोषी," मी म्हटलं होतं, "म्हणजेच कुणी नाही. सोयीचं आहे तुझं शास्त्र."

"सुमे, आपण पोलीस न्हवं. संशय सगळ्यांचा घ्यायचा. अटक कुणालाच करायची न्हाय."

"मग आईच्या वेळी चूक कुणाची होती?"

तो वाद तिथंच राहिला. मला वाटायचं, उत्तर तुझ्याकडं आहे आणि तू ते देत नाहीस.

तू रक्त घेतलंस ते खंडेनवमीला. त्या दिवशी भावकीतले माग बंद, अवजारांची पूजा झालेली, सगळे आपल्याकडं जेवायला जमलेले. एरवी एवढी माणसं एका छपराखाली सापडली नसती. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुली नळ्या आणि सुया घेऊन सोप्यात बसल्या होत्या. विस्मरणाचा आजार असलेल्या घरातली माणसं हवी होती, आणि तुलनेसाठी त्याच घरात लग्न होऊन आलेल्या सुनाही. आईनं हात दिला नाही. "रगात चोरायला आलाईसा," म्हणाली आणि पदराखाली हात लपवून बसली. तू तिला आग्रह केला नाहीस. त्या दिवसातलं मला ते सगळ्यात जास्त आठवतं. एवढा मोठा अभ्यास, आणि ज्या माणसाचं रक्त पहिलं हवं ते तुला मिळालं नाही, तरी तू तिच्या हाताला हातसुद्धा लावला नाहीस.

माझी पाळी आली. मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "सुमन." कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलावर वैजयंती. बँकेत वैजयंती, मतदार यादीत वैजयंती. पण माहेरच्या सोप्यात पाटावर बसून कोणी नाव विचारलं, तर जिभेवर दुसरं काय येणार? माझ्यामागं वहिनी. तीही सुमनच म्हणाली, तिचं तेच नाव. घरचंच काम म्हणून आडनाव, वय कोणी विचारलं नाही. तू अंगणात पानं मांडत होतास.

त्यानंतर आई गेली, आणि वर्षभरानं तुझे रविवारचे फोन सुरू झाले.

आधी तू सणासुदीला फोन करायचास, तोही वहिनीनं आठवण केली की. आता दर रविवारी. "जेवलीस काय गं? काय केलतीस? काल काय केलतीस? आणि बुधवारी?" मला बरं वाटायचं. हे गेल्यापासून मी एकटीच असते. काय जेवले, हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. पण मी पुस्तकात वाढलेली बाई. आईच्या आजारावरचं जे मिळेल ते मी वाचलं होतं. जवळच्या गोष्टी आधी जातात, जुन्या मागाहून, हे मला माहीत होतं. बुधवारचं जेवण तू का विचारतोस, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं, आणि त्या फोनची गोडी गेली.

एकदा आपण तिघं संकेश्वरला लग्नाला गेलो होतो, गुरुवारी. त्या रविवारी तू विचारलंस, "गुरुवारी काय जेवलीस?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "गुरुवारी? घरीच होते की. पिठलं-भाकरी."

मग तू "बरं बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास.

सोमवारी दुपारी तू दारात. हातात पेरूंची पिशवी. "कोगनोळीला आलतो, म्हटलं डोकावावं."

कोगनोळी आमच्याही पुढं, सीमेवरच्या नाक्याजवळ. तिथं तुझं काय काम होतं, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पाणी प्यालास, पंख्याखाली बसलास, आणि सहज विचारल्यासारखं म्हणालास, "त्या लग्नातली जिलेबी लई झकास होती न्हाय?"

"जिलेबी कुठं? श्रीखंड होतं. आणि तू तीन वाट्या खाल्ल्यास."

अण्णा, तुझा चेहरा तेव्हा असा सुटला की तो बघून मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. तू खो खो हसलास. पेरू कापून मीठ लावून खाल्लेस, माझ्यासाठी दोन ठेवलेस. आपण एकमेकांना फसवून पाहत होतो आणि दोघांनाही ते कळलं होतं. तेव्हा बोलता आलं असतं. "तुला माझ्याबद्दल काय कळलंय?" एवढं एकच वाक्य. पण संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली आणि मी तुला स्टँडवर सोडायला आले.

मग तू गेलास. ज्या मेंदूवर तू जन्मभर नजर ठेवलीस तो शेवटपर्यंत शाबूत राहिला. दगा दिला तो हृदयानं, ज्याच्यावर तू कधी संशयच घेतला नाहीस.

तेरावं झाल्यावर मी वडगावलाच थांबले. दोन दिवसांनी तुझी सहकारी रूपा आली. तिची घरची भाषा कन्नड, आणि आपल्याशी बोलते ते बेळगावचं मराठी. हळू बोलणारी, डोळे सुजलेले. कॉलेजातली तुझी खोली रिकामी करायची होती. फ्रीजरमधल्या नमुन्यांचं काय करायचं, तेही ठरवायचं होतं. नावं पक्की नसलेले नमुने ठेवता येत नाहीत, म्हणून घरच्यांना विचारायला आली होती.

"बाकी सगळे बरोबर आहेत, मॅडम. त्या दोन सुमनचंच राहिलंय तेवढं."

वहिनी चहा गाळत होती, ती थांबली. मी म्हटलं, "कुठल्या दोन सुमन?"

रूपाचा चेहरा पडला. "सर सांगितले असतील म्हटलं मी. तुमचं आणि वहिनींचं. सॉरी, मला बोलायला नको होतं."

बोललेलं परत घेता येत नव्हतं, म्हणून तिनं बाकीचंही सांगितलं. दोन नळ्या, दोन्हींवर सुमन. कोणती कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. त्यातल्या एकीत धोक्याच्या जनुकाचा प्रकार दुहेरी आहे, आईकडून एक आणि बापाकडून एक. दुसरीत तो नाहीच. "म्हणजे आजार होणारच असं न्हाय," रूपा घाईनं म्हणाली. "त्याच नळीतले काही मायक्रोआरएनए चांगल्या बाजूचे दिसतात. सर म्हणायचे, यावरून काहीच म्हणायचं नाही."

"आणि कुणाची कोणती हे शोधायचं झालं तर?" मी विचारलं.

"सोपं आहे, मॅडम. सरांचं रक्त आहे आमच्याकडे. थोडं जास्त तपासलं की भावाशी जुळणारी नळी कोणती ते लगेच कळतं. मी दोनदा म्हटलं सरांना. सर करू दिले नाहीत."

तू करू दिलं नाहीस. हातात सगळं असताना. मी त्या वाक्यापाशी अडकून बसले. म्हणजे माझ्याबद्दल तुला काही कळलेलं नव्हतं. की कळलं होतं, आणि तू रूपालाही खोटं सांगत होतास? तुझ्यावरचा संशय अशा चांगल्या बातमीनं जाणारा नव्हता.

रूपा जाताना म्हणाली, महिनाअखेरपर्यंत सांगा. जुळवून नावं घालायची, नाहीतर दोन्ही टाकून द्यायच्या.

ती गेल्यावर वहिनीनं चहाचे कप विसळून ठेवले. मग म्हणाली, "वन्सं, मलाबी रोज इचारायचे."

"काय?"

"रात्री जेवताना. सकाळी कोण आलतं, भाजीवालीनं काय भाव सांगितला, काल टीव्हीत काय बघितलंस. तीस वरसं माझ्याशी धड बोलला न्हाय हा माणूस. मला वाटायचं, म्हातारपणी का हुईना, प्रेम आलंय." ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "मी लई सजवून सांगायची. भाजीवालीची नक्कल करून दावायची."

मला तुझा राग आला, अण्णा. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

"जुळवू दे रूपाला," वहिनी म्हणाली. "मला कळलं पायजे."

"मला नको."

"तुमी तुमचं इचारू नका. मी माझं इचारते."

"वहिनी, नळ्या दोनच आहेत. तुमचं कळलं की माझंही कळलं."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती कपाळावर हात मारून बसली. मग रागानं म्हणाली, "तुमाला काय. तुमी पुस्तकात तोंड घालून बसणार. उद्या मी आत्तींसारखी, तुमच्या आईसारखी, दारात बसले तर माझं कोण करणार? पोरगा पुण्याला. यांनी केलं असतं, ते गेले. ठरवून ठेवायला नको मला?"

"आणि तुमची नळी बिनधोक निघाली म्हणजे? मला तिथं निपाणीत एकटीनं बसून वाट बघायची, शब्द कधी गळायला लागतात त्याची?"

"व्हय की. हे मी बघितलंच न्हाय."

"अण्णानं बघितलं होतं."

ते माझ्या तोंडून निघालं आणि मग मलाच ऐकू आलं. एकीला सांगणं म्हणजे दुसरीलाही सांगणं, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जुळवलं असतं तर आमच्यातली एक निर्धास्त झाली असती आणि दुसरी भीतीत राहिली असती. म्हणून तू जुळवलं नाहीस. दोघींनाही रोज, दर रविवारी, बुधवारचं विचारत राहिलास. आमच्यापैकी एकीला तर तुझी ती काळजी फुकटचीच मिळाली. कोणाला, ते कळणार नाही. ही मेहरबानी होती की शास्त्रज्ञाची हाव, दोन्ही नमुने हाताशी ठेवायची? मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तूच म्हणायचास, एकावर खापर फोडायचं नाही.

दोन दिवस आम्ही भांडलो. ती म्हणायची, भ्यालासा. मी म्हणायची, तुम्ही उतावळ्या. तिसऱ्या दिवशी तिनंच तोडगा काढला. "टाकून देणं काय मला पटत न्हाय. यांनी जपून ठिवलंय. रूपानं जुळवावं, नावं घालावीत, त्यांच्या अभ्यासाला लागू द्या. आपल्याला सांगायचं न्हाय. दोघींनाबी."

"आणि तुमचं ठरवून ठेवणं?"

"दोघींचं मिळून ठरवूया. जिला हुईल तिचं दुसरीनं करायचं. मग कुणाला हुतंय हे आत्ताच कशाला कळाय पायजे?"

अण्णा, तीस वर्षं जिच्याशी तू धड बोलला नाहीस, ती हे बोलली.

रूपाला तसं कळवलं. तिनं जुळवलं. तुझं रक्त दोनपैकी एका नळीशी जुळलं आणि दुसरीशी नाही, आणि ती नळी कोणती, हे बेळगावात एका बाईला ठाऊक आहे. रूपा शब्दाची पक्की आहे, असं मला वाटतं. वहिनीबद्दल मला तेवढी खात्री नव्हती. वडगावहून तिला रूपाकडं जायला रिक्षा पुरते. माझा तिच्यावर बारीक डोळा होता.

परवा मी वडगावला गेले होते. वहिनीनं बेसनाचे लाडू केले होते. तुझ्या फोटोपुढं एक ठेवला, मग माझ्यापुढं बशी सरकवली. बशीत दोन लाडू. तिच्या स्वतःच्या बशीत एक. मी त्या लाडवांकडं बघत बसले. इतक्या वर्षांत मला दुसरा लाडू मागून घ्यावा लागला आहे.

तेवढ्यात तीच म्हणाली, "वन्सं, खरं सांगा. तुमी रूपाला इचारून आला न्हाईसा न्हवं?"

"मी? कशावरून?"

"मगाशी माझी वेणी घालून देऊ काय म्हणालासा. जन्मात कधी घातली न्हाईसा."

"आणि तुम्ही? हे दोन लाडू का?"

"आता एक लाडू वाढला तर लगेच रोग झाला व्हय?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. ती आधी फुटली, मग मी. तू गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मला ठसका लागला, तिनं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. हसून झाल्यावरही मी तिच्याकडं नीट बघून घेतलं, आणि तीही माझ्याकडं बघत होती.

मी दुसरा लाडू खाल्ला, अण्णा. तो का दिला, हे पुन्हा विचारलं नाही.